स्वयंचलित मांजर-लिटर पेटीच्या पेटंटवर हरकती आल्यात, लढायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे नागपूरचेच, हिंगणा एमआयडीसीत त्यांचं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे. मांजराची घाण आपोआप वेगळी करणारी आणि स्क्रू-पान्याशिवाय जोडता-सोडता येणारी लिटर पेटी, म्हणजे मांजराच्या शौचासाठी माती भरलेली पेटी, त्यांनी बनवली. पेटंटचा अर्ज कम्प्लीट स्पेसिफिकेशनसकट, म्हणजे शोधाच्या पूर्ण वर्णनासकट, स्वतःच भरला. आता पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर, आलाय. त्यात पाच मुख्य हरकती आहेत: नावीन्य नाही, इन्व्हेंटिव्ह स्टेप (सराईत कारागिराला सहज न सुचणारी पायरी) नाही, पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) (ठाऊक साधनांची नुसती मांडणी) लागू होतं, क्लेम (नेमक्या कशावर हक्क मागितलाय ते सांगणारी वाक्यं) अस्पष्ट आहेत आणि एकाच अर्जात एकाहून जास्त शोध आहेत. त्यांचं म्हणणं, 'चीनमध्ये असल्या पेट्यांना ढिगानं पेटंट मिळालीत, मग मलाच का अडवलं? लढण्यात अर्थ आहे का? आणि नव्या मॉडेलमधली सुधारणा याच उत्तरात टाकता येईल का?' स्पेसिफिकेशन, आकृत्या आणि अहवाल त्यांनी पाठवला होता, तो वाचून हे लिहितोय.

लढा. पण ज्या मुद्द्यावर तुम्ही कंबर कसलीय, त्यावर नाही. तुमच्या मसुद्याचा, म्हणजे स्पेसिफिकेशनचा, सगळा भर जोडणी किती सोपी आहे यावर आहे. सोपेपणा हा परिणाम झाला, आणि परिणामाला पेटंट मिळत नाही. तो ज्या रचनेतून आला त्या रचनेला मिळतं, आणि ती रचना यंत्राच्या बाकी कामात गुंतलेली असेल तर बाजू भक्कम होते. तुमच्याकडे तशी रचना आहे. अडचण एवढीच की ती पहिल्या क्लेममध्ये नाही. वर्णनात मागे कुठेतरी एका परिच्छेदात आणि आकृती ४ मध्ये ती लपून बसलीय.

आधी मुदतीचं बघा. एफईआर जारी झाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर गेलं पाहिजे. फॉर्म ४ भरून आणि फी देऊन आणखी तीन महिने मिळतात, पण तो अर्जही मूळ सहा महिने संपण्याआधीच द्यावा. तारीख अहवालावरची धरायची, तुम्ही मेल उघडलात ती नाही. उत्तर गेलंच नाही तर कलम २१(१)खाली अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. तिथे गुणवत्तेचा विचारच होत नाही. चांगला शोध असला तरी फाइल बंद.

'मुंबईला जाऊन साहेबांना एकदा मॉडेल दाखवून येतो' असंही तुम्ही लिहिलंय. त्याचा उपयोग नाही. देशभरातले पेटंट परीक्षक प्रशिक्षणाला आपल्या नागपुरात येतात. राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था इथेच सिव्हिल लाइन्समध्ये आहे, आणि पेटंट इन्फॉर्मेशन सिस्टिम तर १९७५ पासून नागपुरात आहे. तरी नागपूरच्या अर्जाचं कार्यालय मुंबईच. त्यातही फाइल कोणत्या परीक्षकाकडे जाईल हे विषयाप्रमाणे संगणक ठरवतो. तो दिल्लीत, चेन्नईत किंवा कोलकात्यातही बसलेला असू शकतो. त्याच्यासमोर फक्त तुमचे कागद असतात. मॉडेल कितीही झकास चालत असलं तरी जे कागदावर नाही ते त्याच्या दृष्टीनं नाहीच.

आता चीनचं. तुम्ही जी कागदपत्रं जोडलीत त्यातली बहुतेक 'युटिलिटी मॉडेल' आहेत. चीनमध्ये पेटंट कायद्यातच हा वेगळा प्रकार आहे. त्याची मुदत १० वर्षं, आणि मंजुरीआधी प्राथमिक तपासणी होते. इन्व्हेंटिव्ह स्टेपची आपल्यासारखी सखोल चाळणी लागत नाही. जर्मनीतही असा प्रकार आहे. भारतात नाही. इथे एकच दार आहे, २० वर्षांच्या पेटंटचं, आणि त्यातून जाताना नवं औषध असो की मांजराची पेटी, कलम २(१)(जे) आणि २(१)(जेए)ची, म्हणजे नावीन्याची आणि इन्व्हेंटिव्ह स्टेपची, कसोटी तीच लागते. त्यामुळे 'तिथे मिळालं, मग इथे का नाही' हा युक्तिवाद उत्तरात अजिबात लिहू नका. उलट तो अंगावर येतो. चीनमधलं प्रत्येक प्रसिद्ध युटिलिटी मॉडेल इथे तुमच्याविरुद्ध पूर्वज्ञान, म्हणजे आधीच जाहीर असलेली माहिती, म्हणून वापरता येतं, आणि तुमच्या अहवालातला डी१, म्हणजे परीक्षकानं तुमच्याविरुद्ध लावलेला पहिला दस्तऐवज, नेमका तसाच आहे.

या क्षेत्रात गर्दीही फार. मांजरासाठी विकतची माती १९४७ साली अमेरिकेत एडवर्ड लो यांनी आणली. पुढे ओल लागली की गोळा होणारी बेंटोनाइटची माती आली, आणि गोळा झाला की तो चाळून वेगळा करता येतो हे लक्षात आल्यावर यंत्रं सुरू झाली. कुणी दाताळं फिरवून गोळे ओढले, कुणी सगळा ड्रमच फिरवून चाळणीतून माती खाली सोडली, कुणी पाण्यानं धुणारी पेटी काढली. दाताळ्याच्या पेटंटवरून तर अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगापुढे वाद गेला होता. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हे सगळं ए०१के १/०१ या गटात आणि त्याच्या उपगटांत येतं. एस्पेसनेट या पेटंट शोधायच्या संकेतस्थळावर हा गट टाकून एक संध्याकाळ आकृत्या चाळा. फुकट आहे. हे अर्ज भरण्याआधी करायला हवं होतं, पण आत्ताही करा, कारण परीक्षकानं दोनच दस्तऐवज लावलेत. सुनावणीत तिसरा निघाला तर तो तुम्हाला आधी माहीत असलेला बरा.

नावीन्याची हरकत मान्य करा. तुमचा पहिला क्लेम मराठीत सांगायचा तर असा: मांजरासाठी सहज जोडता येणारी स्वयंचलित लिटर पेटी, जिच्यात तळभाग, फिरणारा ड्रम, मोटर, सेन्सर आणि घाणीचा खण आहे, आणि हे भाग अवजाराशिवाय जोडता व सोडता येतात. डी१मध्ये ड्रम चार रोलरवर ठेवलाय, वर उचलला की निघतो, खाली खण आहे, मागे मोटर आहे, तोंडाशी सेन्सर आहे. म्हणजे तुमचा क्लेम त्या एकाच दस्तऐवजात शब्दशः सापडतो, आणि नावीन्य जायला एवढं पुरे. 'आमचं प्लास्टिक चांगलं आहे', 'आमची पेटी स्वस्त पडते', 'भारतात कुणी बनवत नाही' ही उत्तरं मी फायलींमध्ये नेहमी वाचतो. पूर्वज्ञान जगभरातलं धरलं जातं, आणि दर्जा क्लेममध्ये दिसत नाही. शब्द वाया घालवू नका, क्लेम बदला.

बदलायचं काय, ते आकृती ४ मध्ये आहे. ती जरा जवळून पाहू.

तुमच्या पेटीत मोटर एक दातेरी कडं फिरवते. कडं तळभागावरच राहतं. ड्रमच्या मागच्या बाजूला तीन कान आहेत. ते कड्यातल्या तीन खाचांत घालायचे आणि ड्रम थोडा पिळायचा की बसला. प्रेशर कुकरचं झाकण बसवतो तसंच. इथवर नवं काही नाही. डी२, म्हणजे परीक्षकानं लावलेला दुसरा दस्तऐवज, हे अमेरिकन पेटंट आहे आणि त्यात ड्रमचे दोन अर्धे एकमेकांना असेच पिळून जोडलेत. परीक्षक म्हणतो, डी१चा ड्रम घ्या, डी२ची पिळून बसणारी जोडणी लावा, झाली तुमची पेटी. त्यात कारागिराला सुचणार नाही असं काय आहे?

पण लिटर पेटीचा ड्रम दोन्ही दिशांनी फिरतो. आधी एका दिशेला, म्हणजे माती चाळणीतून जाते आणि गोळे खणात पडतात. मग उलट, म्हणजे माती परत तळाशी येऊन सपाट होते. पिळून बसणारी जोडणी एका दिशेच्या जोरानं घट्ट होते आणि दुसऱ्या दिशेच्या जोरानं सुटते. डी२मध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे दोन्ही अर्धे एकत्रच फिरतात, त्यांच्यामधून मोटरचा जोर जातच नाही. तीच जोडणी उचलून डी१मध्ये मोटर आणि ड्रम यांच्या मध्ये लावली, तर पहिल्याच उलट फेरीत कान खाचेतून बाहेर सरकतील आणि आतल्या चार-पाच किलो मातीसकट ड्रम कड्यावरून निसटेल. म्हणजे डी१ आणि डी२ नुसते जोडले तर यंत्र चालतच नाही. इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या हरकतीला यापेक्षा चांगलं उत्तर मिळणं कठीण, आणि तुमच्या स्वतःच्या मसुद्यात ते एका ओळीत उरकलंय!

तुम्ही त्यावर काढलेला तोडगा दुहेरी आहे. कान खाचेच्या टोकाला पोचला की स्प्रिंगचा खटका त्याच्या मागे पडतो आणि उलट सरकायची वाट बंद करतो; ड्रमचं हँडल ओढल्याशिवाय तो उठत नाही. हा झाला अर्धा भाग. त्या खटक्यावरच तुम्ही चुंबक बसवलंय. खटका पूर्ण पडला तरच चुंबक तळभागातल्या हॉल सेन्सरसमोर (चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरसमोर) येतं. खटका अर्धवट अडकला तर चुंबक दोन-तीन मिलिमीटर बाजूला राहतं, सेन्सरला ते दिसत नाही आणि कंट्रोलर मोटरला वीज सोडत नाही. शिवाय ड्रम फेरी संपवून मूळ जागी आला हे ओळखायलाही तेच चुंबक वापरलंय. एरवी जागेची खूण एका सेन्सरकडे आणि झाकण किंवा ड्रम नीट बसल्याची खूण दुसऱ्याकडे असते. तुमच्याकडे कुलूप, सुरक्षा आणि जागेची खूण या तिन्ही गोष्टी एकाच भागावर आल्यात. त्यामुळे ड्रमच्या आत वायर नाही, विजेचा उघडा संपर्कबिंदू नाही, आणि ड्रम काढून सरळ नळाखाली धुता येतो. मांजराच्या मुतातल्या अमोनियानं तांब्याचे संपर्क खराब होतात, ही या धंद्यातली जुनी तक्रार. ती इथे उद्भवतच नाही, आणि हे वाक्य तुमच्या वर्णनात आहे. ते उत्तरात पानाच्या आणि ओळीच्या क्रमांकासकट द्या.

मग पहिला क्लेम साधारण असा होईल (तुमचा अर्ज इंग्रजीत आहे, कायदा हिंदी किंवा इंग्रजीच चालवतो, मराठी नाही, पण समजायला इथे मराठीत लिहितो): 'मांजरासाठी स्वयंचलित लिटर पेटी, जिच्यात तळभाग (१०), घाणीचा खण, तळभागावर दोन्ही दिशांनी फिरणारं दातेरी कडं (२०), आणि त्या कड्यात अवजाराशिवाय पिळून बसणारे व सुटणारे कान (३२) असलेला ड्रम (३०) आहे, जिचं वैशिष्ट्य असं की कान खाचेच्या टोकाला पोचल्यावर त्याला उलट सरकण्यापासून अडवणारा स्प्रिंगचा खटका (४०) कड्यावर आहे, त्या खटक्यावर चुंबक (४२) आहे, आणि खटका पूर्ण बसला असतानाच व ड्रम मूळ स्थितीत असतानाच ते चुंबक तळभागातल्या सेन्सरला (१२) कळतं, आणि फेरी सुरू करण्यासाठी कंट्रोलर (१४) त्या खुणेशिवाय मोटरला वीज देत नाही.' कंसातले आकडे आकृतीतल्या भागांचे. ते घाला, परीक्षकाचं काम हलकं होतं आणि अस्पष्टतेची अर्धी हरकत तिथेच निघते. 'फेरी सुरू करण्यासाठी' हे शब्दही गाळू नका. ड्रम फिरायला लागला की चुंबक सेन्सरपासून दूर जाणारच. ते शब्द नसतील तर क्लेमप्रमाणे मोटर पहिल्या इंचातच बंद पडेल. असली चूक परीक्षक बरोबर पकडतो.

हा बदल चालेल का? कलम ५९ची अट अशी की बदल हा काही सोडून देणं, दुरुस्ती किंवा खुलासा या स्वरूपाचाच हवा, मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नसलेलं काही त्यातून आत येता कामा नये, आणि नवा क्लेम जुन्या क्लेमच्या कक्षेतच बसला पाहिजे. खटका आणि चुंबक दोन्ही मूळ मसुद्यात आहेत, आणि नवा क्लेम जुन्यापेक्षा अरुंद आहे. त्यामुळे चालेल. आकृती ४ त्या दिवशी जोडली नसती तर आज माझं उत्तर वेगळं असतं. बदललेल्या क्लेमची एक स्वच्छ प्रत आणि एक खुणा केलेली प्रत, दोन्ही लावा.

'अरुंद क्लेम घेऊन काय करू, कोणीही खटका बदलून नक्कल करेल' असं तुम्हाला वाटेल. थोडं खरं आहे. म्हणून 'स्प्रिंगचा खटका' पहिल्या क्लेममध्ये ठेवा, पण त्याचा नेमका आकार, स्प्रिंगचा प्रकार, कानांची संख्या हे सगळं अवलंबून क्लेमांमध्ये, म्हणजे पहिल्या क्लेमवर टेकून पुढचा तपशील सांगणाऱ्या क्लेमांमध्ये, ढकला. तीन कान पहिल्या क्लेममध्ये लिहिलेत तर नक्कल करणारा चार करेल.

इथे एक जुना निवाडा कामाचा आहे. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांमधला वाद, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली निकाल दिला आणि इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या प्रत्येक चर्चेत तो आजही येतो. वस्तू तुमच्यासारखीच साधी होती: लेथवर भांडं धरून ठेवायची रचना. न्यायालय म्हणालं की नुसती वर्कशॉपमधली सुधारणा पुरेशी नाही, आणि पेटंट टिकलं नाही. तुमचा परीक्षक हाच निवाडा तुमच्यावर टाकू शकतो, कारण इथेही प्रश्न 'धरून कसं ठेवायचं' हाच आहे. फरक दाखवायचा तो असा: सराईत कारागीर पिळून बसणारी जोडणी लावेल, ती उलट फेरीत सुटेल, मग तो बहुधा स्क्रू मारेल, आणि तिथे पान्याशिवायची जोडणी संपली. खटक्यालाच सुरक्षेची आणि जागेची खूण करायला लावणं हे त्याच्या नेहमीच्या वाटेवर येत नाही. डी१ किंवा डी२ त्याला तिकडे वळवतही नाहीत.

शक्य असेल तर एक चाचणी करून अहवाल जोडा. एकच ड्रम, तेवढीच माती. एकदा नुसत्या पिळलेल्या जोडणीवर आणि एकदा खटक्यासह, दोन्ही दिशांच्या फेऱ्या चालवा आणि जोडणी कधी सुटते ते नोंदवा. व्हीएनआयटीत किंवा एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहीनिशी करून घेतलीत तर उत्तम, नाहीतर स्वतः करून शपथपत्रावर द्या. यातून मसुद्यात नवा मजकूर घुसत नाही. आधीच सांगितलेल्या फायद्याचा तो पुरावा आहे. आकडे कमी चांगले आले तरी आले तसेच द्या. पुढे कुणी विरोध दाखल केला तर हेच कागद बाहेर निघतात.

कलम ३(एफ)चं उत्तर आता जवळजवळ तयारच आहे. ठाऊक असलेली साधनं आपापलं ठरलेलं काम वेगवेगळं करत असतील, तर त्यांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी म्हणजे शोध नव्हे, असं ते कलम सांगतं. पेटंट कार्यालयाच्या मॅन्युअलमध्ये पंखा लावलेली छत्री आणि टॉर्च लावलेली बादली अशी उदाहरणं आहेत. छत्री छत्रीचं काम करते, पंखा पंख्याचं. एकामुळे दुसऱ्यात काही फरक पडत नाही. तुमच्या जुन्या क्लेममध्ये ड्रम, मोटर, सेन्सर, खण ही नुसती यादी होती, त्यामुळे हरकत रास्त होती. नव्या क्लेममध्ये खटका नसेल तर सेन्सरला काही दिसत नाही, सेन्सर नसेल तर खटका अर्धवट असतानाही मोटर फिरेल, आणि कडं दोन्ही दिशांनी फिरत नसतं तर खटक्याची गरजच नव्हती. हे तीन वाक्यांत, याच क्रमानं लिहा. ३(एफ)वर पानंच्या पानं लिहिणारे मी पाहिलेत. वाचणाऱ्याचा वैताग वाढतो, बाकी काही होत नाही.

अस्पष्टतेची हरकत कलम १०(५)ची. 'सहज', 'कमी वेळात', 'साधारण घट्ट' हे शब्द क्लेममधून काढून टाका, शीर्षकात राहिले तरी चालतील. कोणाला सहज, हा प्रश्न उरतोच. तुमच्या कामगाराला सहज असेल ते धरमपेठेतल्या आजींना असेलच असं नाही. 'अवजाराशिवाय' हे चालू शकेल, कारण ते तपासता येतं. सारांश १५० शब्दांत बसवा. तुमचा त्याहून मोठा आहे, तीही एक छोटी हरकत अहवालात आहे.

एकाहून जास्त शोधांची हरकत तुम्ही स्वतः ओढवून घेतली. क्लेम ९ ते ११ मोबाइल ॲपचे, १२ ते १४ ओझोननं वास मारण्याचे. जोडणीशी त्यांचा धागा नाही. यांच्यासाठी कलम १६खाली डिव्हिजनल, म्हणजे याच अर्जातून वेगळा काढलेला, अर्ज करता येतो, पण मी करणार नाही. ॲपमध्ये मांजर किती वेळा येऊन गेलं ते दाखवणं एवढंच आहे. ते वेगळं काढलंत की कलम ३(के), म्हणजे संगणक प्रोग्रामची हरकत दारातच उभी. ओझोनबद्दल तर वर्णनात दोनच ओळी आहेत, त्यावर अर्ज उभा राहत नाही. शिवाय बंद खोलीत मांजराच्या नाकाजवळ ओझोन सोडणं हे मला वैयक्तिकरीत्याही पटत नाही. सहाही क्लेम काढा. दहाच्या वरच्या प्रत्येक क्लेमला तुम्ही भरलेली जादा फी परत मिळत नाही, ती गेली.

उत्तरानंतर परीक्षकाचं समाधान झालं नाही तर कलम १४खाली सुनावणीची नोटीस येईल. ती व्हिडिओवर होते, आणि तिथे परीक्षक नाही, कंट्रोलर (पेटीतला नव्हे, पेटंट कार्यालयाचा अधिकारी) निर्णय घेतो. ड्रम कॅमेऱ्यासमोर फिरवून दाखवायला हरकत नाही, पण तोंडी बोललेलं फाइलवर येत नाही. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं आणि निर्णय त्यावरच बेततो. उलट फेरीचा मुद्दा त्यात पहिल्या पानावर ठेवा. कंट्रोलरनं तो मुद्दा न तपासताच अर्ज फेटाळला तर तुमच्याकडे अपिलाचं कारण आहे. इन्व्हेंटिव्ह स्टेप नाकारताना पूर्वज्ञान काय, तुमचा शोध काय आणि एकातून दुसरा कसा सुचला असता, या तिन्ही गोष्टी आदेशात लिहिल्या पाहिजेत, असं दिल्ली उच्च न्यायालयानं ॲग्रिबोर्डच्या प्रकरणात २०२२ साली सांगितलंय. पूर्वीचं अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झालं. आता कलम ११७एखालचं अपील उच्च न्यायालयात जातं, तीन महिन्यांच्या आत.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, म्हणून विचारतो: अर्ज भरण्याआधी पेटी कुणाला विकली होती का, किंवा तिचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला होता का? अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कुणीही कलम २५(१)खाली विरोध करू शकतो, आणि चिनी पेट्या आयात करून विकणाऱ्यांना तुमच्या पेटंटचा थेट त्रास आहे, कारण पेटंटधारक आयातही अडवू शकतो. ते असले व्हिडिओ बरोबर शोधतात. व्हिडिओत खटका आतल्या बाजूला असून दिसत नसेल तर फारसं बिघडत नाही. ड्रम काढून खटका दाखवला असेल तर मात्र उत्तर देण्याआधी एखाद्या पेटंट एजंटकडे ती क्लिप घेऊन जा.

राहिलं नवं मॉडेल. ड्रमचे दोन अर्धे एकमेकांत बसतात, खोका निम्मा होतो, कुरिअरचं आकारावर लागणारं भाडं वाचतं, अशी ती सुधारणा. कल्पना चांगली आहे. कलम २(१)(जेए)मध्ये तांत्रिक प्रगतीच्या जोडीला 'आर्थिक महत्त्व' हेही शब्द आहेत, त्यामुळे वाचलेलं भाडं तिथे मांडता येतं. अर्थात नुसत्या बचतीवर भागत नाही, रचनाही सहज सुचणारी नसावी लागते. पण ती या उत्तरात टाकता येणार नाही. मूळ मसुद्यात नाही, म्हणजे कलम ५९ आडवं येतं. वर्णनात गुपचूप एक परिच्छेद वाढवून बघू, असा विचारही नको. खुणा केलेल्या प्रतीत तो पहिल्यांदा दिसतो.

दोन वाटा आहेत. एक, स्वतंत्र नवा अर्ज. पण तुमचा पहिला अर्ज आता प्रसिद्ध झालाय, त्यामुळे नव्या अर्जासाठी तोच तुमच्याविरुद्ध पूर्वज्ञान ठरेल आणि परीक्षक 'खटक्याचा ड्रम माहीत होताच, अर्धे एकमेकांत बसवले एवढंच' असं म्हणेल. दुसरी, कलम ५४खालचं पेटंट ऑफ ॲडिशन. मूळ शोधाच्या सुधारणेसाठीच ही सोय आहे. त्यात सुधारणा नवी असावी लागते, पण मूळ शोधाच्या तुलनेत इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही म्हणून ते रद्द होत नाही. वेगळी नूतनीकरण फी लागत नाही, मुदत मात्र मूळ पेटंटबरोबर संपते, आणि मूळ पेटंट मंजूर झाल्याशिवाय ते मिळत नाही. तुमच्यासाठी मला हीच वाट योग्य वाटते. अर्ज नव्या मॉडेलचा पहिला खोका बाहेर पडण्याआधी भरा, एफईआरच्या उत्तराची वाट बघू नका.

नव्या मॉडेलचं बाहेरचं रूप वेगळं असेल तर त्याच आठवड्यात डिझाइन नोंदणीचाही अर्ज टाका. डिझाइनच्या लोकार्नो या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्राण्यांची निगा राखायच्या वस्तूंचा वर्ग ३० आहे, संरक्षण १० वर्षं आणि पुढे ५ वर्षं वाढवून मिळतं. जुन्या पेटीच्या रूपासाठी ते आता होणार नाही, कारण तिच्या आकृत्या पेटंट अर्जासोबत प्रसिद्ध झाल्यात. नव्या ड्रमचे फोटो डीलरांना व्हॉट्सॲपवर पाठवले नसतील, तर त्याचं अजून होऊ शकतं.